मधल्या स्पीकरची तार

मी एक जुना रिसीव्हर आहे. होम थिएटरचा. वजन सात किलो, रंग काळा, स्वभाव वाईट.

मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. नाहीतर तुमची-माझी मैत्री असायचं काही कारण नाही. तुमच्यातल्या निम्म्या जणांना मी कोण हेही माहीत नसेल. टीव्हीशेजारच्या कपाटात एक रुंद डबा असतो बघा, ज्याच्यावर आई फुलदाणी ठेवते आणि बाबा ओरडतात, "अगं, तापतो तो, वर काही ठेवू नकोस!" तो मी. टीव्हीचा आवाज आधी माझ्याकडे येतो आणि मी तो स्पीकरांना वाटून देतो. गाडी डावीकडून उजवीकडे गेली की आवाजही तसाच न्यायचा. संगीत दोन्ही बाजूंना. मागची गडबड मागच्या दोघांना. आणि पडद्यावरची माणसं जे बोलतात ते मधल्या स्पीकरला. एवढं शेवटचं लक्षात ठेवा. बाकी विसरलात तरी माझं काही बिघडत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. आमच्या घराण्यात तीन भाऊ. धाकटा स्वस्त आणि फुसका, थोरला महाग आणि दणकट, आणि मी मधला. मधल्याचं कसं असतं ठाऊक आहे ना? थोरल्यासारखं दिसायचं आणि धाकट्याच्या पैशात भागवायचं. म्हणून माझ्या पोटातलं तांबं कमी केलं आणि तोंडावरची बटणं वाढवली. खोक्यावर ठळक आकडा छापला, दीडशे वॅट. आकडा खोटा नव्हता, पण तो मोजला कसा? एकच स्पीकर जोडून, बाकीचे बंद ठेवून, आवाज फाटेपर्यंत मला पिळून. पाचही स्पीकर एकदम चालवले तर त्याच्या निम्मंही माझ्यातून निघत नाही. हे खोक्यावर लिहीत नाहीत.

कारखान्यातलं एकच माणूस मला आवडलं. शेवटच्या तपासणीची बाई. माझ्या पाठीवर स्पीकरसाठी लाल-काळ्या जोड्या आहेत. ती एकेका जोडीत तार खुपसायची, कानाला हेडफोन लावून ऐकायची आणि म्हणायची, "बोलतोय." सगळ्या जोड्या झाल्या की शिक्का मारायची. दिवसाला दोनशे डबे तपासायची, पण एकही जोडी तिनं न ऐकता सोडली नाही. पुढे ज्या घरात मी गेलो तिथे हिच्यासारखं एक माणूस होतं, आणि नेमकं त्यालाच कुणी मला हात लावू दिला नाही.

आता दुकान. तिथे मला घ्यायला आले ते तिघं. मुलगा, सून आणि मुलाचे वडील. मुलगा विमा कंपनीत कामाला. लोकांच्या अर्जातल्या चुका शोधायच्या, हेच त्याचं काम. मी त्याला मनातल्या मनात चिरंजीव म्हणतो. सून शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची. आणि वडील टेलिफोन खात्यातले निवृत्त लाईनमन. तीस-बत्तीस वर्षं खांबावर चढून तारा जोडलेला माणूस. अंगठ्याला घट्टा, खांदे एका बाजूला कललेले.

रिसीव्हर घ्यायचा हे सुनेच्या डोक्यातून निघालेलं. सासूबाई गेल्यापासून बाबा जेवले की खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे. मोठा टीव्ही आहेच, आवाज चांगला असला की बसतील आपल्यात, असं तिला वाटलं. बिचारीचा हेतू चांगला होता. चिरंजीवांनी मात्र त्या हेतूचा अभ्यासक्रम करून टाकला. तीन आठवडे इंटरनेटवर वाचन. बजेट मधलं, म्हणून मधल्या किमतीचे अकरा रिसीव्हर एका तक्त्यात मांडले. कुणाला किती वॅट, किती चॅनेल म्हणजे किती स्पीकर चालणार, किती जागा जोडायला. दुकानात तो तक्ता हातात धरून हा माणूस परीक्षेला बसल्यासारखा उभा.

शेवटी दोन उरले. एक मी, दुसरा शेजारच्या फळीवरचा. भाव सारखाच.

"याचे वॅट किती?" चिरंजीवांनी विचारलं.

"दीडशे, सर. सात चॅनेल," दुकानातला विक्रेता म्हणाला.

"आणि त्याचे?"

"ऐंशी. पाचच चॅनेल."

"मग प्रश्नच मिटला की."

तेवढ्यात लाईनमननं आम्हा दोघांना एकामागून एक उचललं. खाली ठेवलं, हात झटकले. "तो जड आहे. आत तांबं आहे. हा नुसता आव आणतोय."

"बाबा, आपण काय रद्दी घ्यायला आलोय का वजनावर?"

विक्रेत्यानं मला जोडून दाखवलं. इमारत कोसळली, विमानं गेली, काचा फुटल्या. चिरंजीव खूश. लाईनमन म्हणाला, "हे झालं. पण माणूस बोललेलं कळतं का? साधं बोलणं लावा ना कुणाचं तरी."

"आजोबा, त्यासाठी रेडिओ घ्या!" विक्रेता म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो. मला त्या फळीवर पाच महिने झाले होते, मला कुठूनही सुटायचं होतं. पण अख्ख्या दुकानात शहाणा प्रश्न तेवढा एकच होता, हे मला तेव्हाही कळलं होतं.

घरी आल्यावर चिरंजीवांनी मला कपाटात बसवलं, पाच स्पीकर जोडले. दोन जागा रिकाम्याच राहिल्या, सात चॅनेलचं एवढं कौतुक होतं तरी. मग माझ्यासोबत आलेला छोटा माइक सोफ्यावर ठेवला आणि सगळ्यांना दम दिला, "आता कुणी हूं की चूं करायचं नाही." मी एकेका स्पीकरला शीळ घातली, माइकनं ऐकली, आणि मी टिपून ठेवलं: डावा आहे, उजवा आहे, मागचे दोन आहेत, मधला आहे. माझ्या तोंडावर पाच छोटे दिवे लागले, एकेका स्पीकरचा एकेक. त्या दिवशी ते पाचही खरे होते.

पहिलं वर्ष बरं गेलं. उगाच नावं कशाला ठेवू? लाईनमन जेवून हॉलमध्ये बसू लागला. सिनेमा बघता बघता मध्येच म्हणायचा, "या बाईला सर्दी झालीय, तरी बोलायला लावलंय तिला." सगळे हसायचे. घरात नात होती, आठ वर्षांची. रोज दुपारी तिला शाळेतून आणायचं काम त्याचं. साडेतीनला शाळा सुटायची, हा तीनलाच चप्पल घालून तयार. आणलं की दोघं माझ्यासमोर सोफ्यावर बसायची आणि ती त्याच्या कानाशी लागून दिवसभराची गुपितं सांगायची. कुणी कुणाचा डबा खाल्ला, कोण कुणाशी बोलत नाही. तो तिला खांबावरच्या गोष्टी सांगायचा. "लाईन मेली ना, की कचेरीत बसून सापडत नाही. आधी टोकाला जायचं. ज्याचा फोन बंद त्याच्या घरी. त्याला विचारायचं, काय ऐकू येत नाही? आणि मग तारेचा हात धरून मागे मागे यायचं."

मग घराला रंग काढला, आणि तिथून वाट लागली.

टीव्ही या भिंतीवरून त्या भिंतीवर गेला. माझं कपाट कोपऱ्यात सरकलं. चिरंजीवांनी रविवारी तारा परत ओढल्या. चार पुरल्या. मधल्या स्पीकरची तार हातभर कमी पडली. त्यांनी ती ताणून बघितली, दोन शिव्या हासडल्या आणि कपाटामागे तशीच लोंबती सोडली. मधला स्पीकर टीव्हीखाली ठेवला, दिसायला छान. "पुढच्या रविवारी नवी तार आणतो," असं म्हणाले. मित्रांनो, तो रविवार अजून उगवायचा आहे.

तारेची दोन टोकं एकमेकांना टेकली असती तरी बरं झालं असतं. मी बंद पडून बोंब तरी मारली असती. पण ती टेकली नाहीत. आणि माइक लावून परत मोजणी करायला चिरंजीव विसरले. माझ्या वहीत मधला आहे म्हणजे आहे. मी सगळं बोलणं त्या तारेत ओतत राहिलो आणि ते कपाटामागच्या जाळ्यात सांडत राहिलं. माझ्या तोंडावर मधल्याचा दिवा मात्र टिच्चून जळत होता. बाकी स्पीकरांतून गाड्या, दारं, ढोल सगळं धडधडीत, आणि माणसांचं बोलणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं.

घरानं काय केलं? आधी आवाज वाढवला. काचा हादरल्या, शेजारणीनं भिंतीवर लाटणं आपटलं. मग चिरंजीव म्हणाले, "हल्लीचे नट पुटपुटतातच. सिनेमेच तसे काढतात." आणि पडद्यावर बोलणं लिहून येतं ना, त्या खालच्या ओळी सुरू केल्या. बातम्यांना सुद्धा, मालिकांना सुद्धा, मिळतील तिथे ओळी. झालं! चिरंजीव वाचतायत, सून वाचतेय, नात वाचतेय. वाचता वाचता त्यांना वाटू लागलं, आपण ऐकतोय. हे कसं होतं मला विचारू नका, तुमची डोकी तुम्हालाच ठाऊक.

लाईनमनचे डोळे मोतीबिंदूनं धुरकटलेले. त्या बारीक ओळी त्याला दिसेपर्यंत पुढची यायची.

"काय म्हणाला रे तो?"

"घर विकतोय म्हणाला, बाबा."

"आणि ती?"

"बाबा, बघू द्या ना जरा!"

दोन महिने असंच. मग एके संध्याकाळी चिरंजीवांचा पारा चढला. "कान तपासून घ्या तुम्ही. दर वाक्याला काय म्हणाला, काय म्हणाला!"

"मला ऐकू येतं," लाईनमन म्हणाला. "या डब्यातलंच ऐकू येत नाही. याच्यात काहीतरी बिघाड आहे. मी बघू का मागून?"

"हात लावू नका! खांबावरचा फोन नाहीये तो. आणि सगळ्यांना येतं ऐकू, तुम्हालाच कसं येत नाही?"

सगळ्यांना येतं म्हणे ऐकू. डोंबल! पण म्हातारा पडला तिघांविरुद्ध एक, काय बोलणार?

तपासायला न्यायला चिरंजीवांना रजा मिळेना, म्हणून कानाचं मशीन परस्पर घरीच मागवलं. लाईनमननं एकदा लावलं. मिक्सर सुरू झाला तशी त्यानं कानावर हात दाबला आणि मशीन काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं. त्या दिवसापासून तो घरात बहिरा ठरला. एकदा ठरलं की पुरावे काय, पाहिजे तेवढे सापडतात. हाकेला ओ द्यायला उशीर झाला, ऐकू आलं नाही. रागानं तोंड फिरवलं, ऐकू आलं नाही. सून प्रत्येक शब्द तोडून ओरडायची, "बाबा! जे-वा-य-ला!" तिच्या मनात वाईट काही नव्हतं, पण तो दर वेळी दचकायचा.

नातही ओरडायला लागली. "आजोबा! पाणी देऊ?"

"हळू बोल गं, येतं मला ऐकू."

"आई म्हणते तुम्ही तसंच म्हणता."

आणि मित्रांनो, गुपित काही ओरडून सांगता येत नाही. शाळेतून आली की ती दप्तर टाकून आत जायची. तो सोफ्यावर एकटा बसून राहायचा, गुडघ्यांवर हात ठेवून, माझ्या दिव्यांकडे बघत. मला त्याची नजर सहन व्हायची नाही. मी खोटा दिवा लावून बसलो होतो ना! मला जे सांगितलं तेच मी करत होतो, चूक चिरंजीवांची, असं मी स्वतःला शंभरदा बजावलं. पण राग यायचा तो माझाच. त्या कारखान्यातल्या बाईनं मला हाती धरलं असतं तर माझ्या पाठीवरचा शिक्का खरवडून काढला असता.

दीड वर्ष हे असं चाललं. बहिऱ्यासमोर काय बोलावं याला घरात धरबंध राहिला नाही. तो समोर बसलेला असताना त्याच्या खोकल्याबद्दल बोलायचे, त्याच्या हट्टीपणाबद्दल बोलायचे. "तुझे बाबा" आणि "तुझे सासरे", एवढंच त्याचं नाव उरलं होतं. तो ऐकायचा. सगळं ऐकायचा. चेहऱ्यावरची माशी हलू द्यायचा नाही.

आणि मग त्या गुरुवारी संध्याकाळी सून म्हणाली, "शाळेच्या रस्त्याला आता मोठ्या गाड्या येतात. परवा बाबा रस्ता ओलांडत होते, मागून हॉर्न वाजला, वळून बघितलं नाही त्यांनी."

"मग व्हॅन लावून टाकू," चिरंजीव म्हणाले. "सोमवारपासून. मी बोलतो व्हॅनवाल्याशी."

"बाबांना कोण सांगणार?"

"सोमवारी सांगू. आत्ता सांगितलंस तर चार दिवस तोंड पाडून बसतील."

लाईनमन चार फुटांवर बसला होता. हातात वर्तमानपत्र. ते एवढंसं हललं, मी बघितलं. त्याच्या दिवसाला तेवढा एकच खांब होता, साडेतीनची शाळा. सकाळपासून तो तीन वाजायची वाट बघायचा. आणि तो हॉर्न? त्याला ऐकू आला होता. त्यानं नातीचा हात घट्ट धरला आणि सरळ चालत राहिला, कारण वळून बघायला थांबलं की माणूस मरतो, हे खांबावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण हे ऐकणार कोण, आणि त्याला विचारलं कुणी?

शुक्रवारी सकाळी घर रिकामं झालं. लाईनमननं खोलीतून आपली जुनी खाकी पिशवी आणली. टीव्ही लावला आणि आवाज बारीक ठेवला. मग गेला थेट टोकाला. डाव्या स्पीकरला कान लावला, संगीत. उजव्याला लावला, संगीत. स्टूल ओढून मागच्या दोघांना लावला, रहदारी. पडद्यावर एक बाई फोनवर बोलत होती, तिचे ओठ हलत होते. तो टीव्हीपुढे गुडघ्यांवर बसला आणि मधल्या स्पीकरला कान लावला. बराच वेळ तसाच बसला.

"मेलाय," तो म्हणाला. "हा मेलाय की."

मग स्पीकरच्या मागे हात घातला. तिथे तारच नव्हती. भिंतीच्या कडेनं रांगत रांगत तो माझ्या कपाटापर्यंत आला, मागे हात घातला, आणि लोंबती तार त्याच्या बोटांना लागली. त्यानं ती ओढून उजेडात धरली. टोकांवर जाळी. मला वाटलं आता हा मला लाथ घालणार. मी तरी घातली असती. त्यानं मात्र आधी माझा प्लग काढला. इतक्या वर्षांत प्लग काढून माझ्या पाठीला हात लावणारा तो पहिला माणूस.

पिशवीतून त्यानं हातभर तांब्याची जोडतार काढली, टेलिफोनची, बहुतेक नोकरीत असतानाची. चाकूनं टोकं सोलली, पिळा घातला, वरून काळी पट्टी गुंडाळली आणि तार मधल्या स्पीकरला नेऊन खोचली. डोळे चालत नव्हते, सगळं बोटांनी. पिळा असा घट्ट बसला की आजही ओढून बघा. प्लग लावला, मी जागा झालो आणि पडद्यावरची बाई खोलीच्या मधोमध उभी राहिल्यासारखी स्वच्छ म्हणाली, "आणि हे बघ, कपडे आत घे, मला यायला उशीर होईल."

म्हातारा फरशीवर बसून रडला. एवढ्याशा वाक्यावर. कपडे आत घे! मलाही भरून आलं, सांगायला लाज कसली? दीड वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

मग तोंड धुऊन, तीनला चप्पल घालून तो शाळेत गेला.

संध्याकाळी सगळे जेवून बसले. चिरंजीवांनी सिनेमा लावला, खालच्या ओळी सुरूच. लाईनमन उठला, चिरंजीवांच्या हातातून रिमोट घेतला आणि नातीला म्हणाला, "या ओळी बंद कशा करतात गं?" तिनं बटण दाखवलं. ओळी गेल्या.

"बाबा, काय करताय? तुम्हाला नाही ऐकू येत तर..." आणि चिरंजीव थांबले. पडद्यावर दोघं भांडत होती आणि त्यांचा शब्दन् शब्द कळत होता. सून सोफ्यावर सरळ झाली. "अय्या! आवाज किती स्वच्छ येतोय आज!"

"मधल्या स्पीकरला तार नव्हती," लाईनमन म्हणाला. "दीड वर्ष. आज जोडली मी."

मित्रांनो, चूक कळली की माणूस आधी शरमतो असं तुम्हाला शाळेत शिकवत असतील. खोटं आहे. माणूस आधी चिडतो. चिरंजीव ताडकन उठले. "कुणी सांगितलं होतं हात लावायला? शॉर्ट झालं असतं म्हणजे?"

"प्लग काढला होता मी. तू काढला होतास का कधी?"

"काहीतरी एक तार लावली म्हणून..."

"आणि सोमवारची व्हॅन नको म्हणून कळव," लाईनमन म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. "हॉर्न ऐकला होता मी. 'तोंड पाडून बसतील' म्हणालास तेही ऐकलं. गेल्या वर्षी माझ्या खोकल्याची किळस येते म्हणालास, तेही. सगळं ऐकलंय. या घरात न ऐकणारा मी नव्हतो, तुम्ही होतात. तुम्ही वाचत होता."

सिनेमा चालूच होता, कुणाचं लक्ष नव्हतं. सुनेच्या डोळ्यांत पाणी. चिरंजीव फरशीकडे बघत उभे. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मग ओठातल्या ओठात पुटपुटले, "चुकलं, बाबा."

लाईनमननं उजवा हात कानामागे धरला, मान पुढे केली.

"काय म्हणालास?"

"चुकलं म्हणालो."

"मोठ्यानं बोल. बहिरा आहे मी."

चिरंजीवांनी त्याच्याकडे बघितलं. सुटका नव्हती. बायको बघतेय, मुलगी बघतेय. "चुकलं, बाबा!" असं ते इतक्या जोरात म्हणाले की भिंतीपलीकडून शेजारणीनं लाटणं आपटलं.

"हां," लाईनमन म्हणाला. "आता आलं."

सोमवारी व्हॅन आली नाही. साडेतीनला आजोबाच गेले. पुढच्या आठवड्यात कधीतरी नात सोफ्यावर त्याच्या कानाशी लागली. सवयीनं ओरडायला तिनं तोंड उघडलं, मग मिटलं, आणि अगदी हळू काहीतरी सांगितलं. काय ते मी सांगणार नाही. मी ऐकलंय, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

माझं काय झालं म्हणाल, तर बाप-लेकात गोडी झाली असा तुमचा समज असेल तर सोडून द्या. चिरंजीवांना ती काळी पट्टी रोज डोळ्यांत खुपायची. तीन महिन्यांनी, रिसीव्हरमध्येच दोष होता असं म्हणत त्यांनी नवा तक्ता केला आणि नवा डबा आणला. नऊ चॅनेल, दोनशे वॅट. माझ्यासारखाच हलका. मला भंगारात टाकणार होते, लाईनमननं उचलून आपल्या खोलीत आणलं. इथे मी दोनच स्पीकर चालवतो. पहिल्याच दिवशी त्यानं माइक लावून मोजणी केली. मधल्याचा आणि मागच्या दोघांचे दिवे विझले, बोलणं मी आता या दोघांतूनच देतो. आता तोंडावर दोनच दिवे आहेत, पण दोन्ही खरे. नात दुपारी इथेच येते. तो अधूनमधून मला थापटतो आणि म्हणतो, "नुसता आव आणतोस लेका." म्हणू दे. त्याला अधिकार आहे.

शेवटी आमची काळजी घ्या, धूळ पुसा, वर फुलदाणी ठेवू नका, असं सांगायचं असतं. नका घेऊ काळजी. मी डबा आहे, आज ना उद्या भंगारात जाईनच. पण तुमच्या घरात कुणाला ऐकू येत नाही, असं तुम्ही सगळे मिळून ठरवाल ना, त्या दिवशी आधी गुडघे टेकून कपाटामागे बघा. नसेल काही तिथे, तर त्या माणसाजवळ जाऊन बसा, हळू आवाजात विचारा, "काय ऐकू येत नाही?" आणि तो सांगेल ते तरी नीट ऐका.